पितळी इंजिन आणि शतांशाचा हिशेब



गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात कोपऱ्यातल्या टेबलावर मांडलेले छोटे पितळी इंजिन तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. शेजारी हवा भरायचा पायपंप आणि पुढे पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात नाव होते, ‘डोलत्या सिलिंडरचे इंजिन’. पाहुणे आले, पंप मारला, चाक अर्धा वळसा फिरले आणि थांबले. पुन्हा पंप मारला, पुन्हा तेच. पाहुणे कौतुकाचे दोन शब्द बोलून पुढच्या टेबलाकडे गेले.

आज एक गोष्ट कबूल करायची आहे. इंजिन चालत नाही हे आम्हाला आदल्या संध्याकाळीच कळले होते. तेव्हा आम्हीच त्या विद्यार्थिनीला सुचवले होते, की चाकामागे खेळण्यातली एखादी मोटर बसव, सेल कापडाखाली ठेव, पाहुण्यांसमोर फिरले म्हणजे झाले. नववीतली ती मुलगी जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “सर, मग ते इंजिन कसलं? तो पंखा झाला की.” त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. पुढे जे शिकायला मिळाले, तेच या पाठात मांडत आहोत.

हे इंजिन चालते कसे?

हे अगदी साधे इंजिन आहे. एका उभ्या पट्टीवर, म्हणजे चौकटीवर, पितळेचे सिलिंडर एका खुंटीवर टांगलेले असते. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली सरकतो. दट्ट्याची दांडी खाली क्रँकच्या चकतीवरील पिनेला जोडलेली असते. चकती फिरली की पिन कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते आणि तिच्याबरोबर सगळे सिलिंडर पाळण्यासारखे डोलते.

सिलिंडरच्या सपाट पाठीवर वरच्या बाजूला एकच भोक असते. चौकटीवर मात्र दोन भोके असतात, एक हवा आत येण्याचे आणि दुसरे बाहेर जाण्याचे. सिलिंडर एका बाजूला डोलले की त्याचे भोक आत येण्याच्या भोकासमोर येते आणि हवा दट्ट्याला खाली ढकलते. दुसऱ्या बाजूला डोलले की ते बाहेर जाण्याच्या भोकासमोर येते आणि वापरलेली हवा निघून जाते. वेगळी झडप लागत नाही. सिलिंडरचे डोलणे हीच झडप. एक स्प्रिंग सिलिंडरला चौकटीशी टेकवून धरते.

आमच्या इंजिनाची मापे अशी होती: सिलिंडरचा आतील व्यास १० मिलिमीटर, क्रँकची त्रिज्या ८ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याची धाव १६ मिलिमीटर. खुंटीपासून क्रँकच्या शाफ्टचे अंतर ४० मिलिमीटर. खुंटीपासून सिलिंडरच्या भोकाचे अंतर १५ मिलिमीटर.

१० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर भरते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो असेल तर दट्ट्यावर जोर येतो सुमारे पाऊण किलोचा. एवढ्या जोरावर हे इंजिन सहज फिरले पाहिजे. ते फिरले नाही, म्हणजे जोर कुठेतरी वाया जात होता.

पितळ का?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. यंत्रकामासाठी मिळणाऱ्या पितळी सळईत साधारण ५८ टक्के तांबे असते, बाकी बहुतेक जस्त आणि सुमारे ३ टक्क्यांपर्यंत शिसे. या शिशामुळे कापताना लांब वेटोळी न निघता बारीक तुकडे पडतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पितळ गंजत नाही, घरातल्या लहान लेथवरही सहज कापले जाते आणि पोलादी शाफ्टबरोबर चांगले फिरते. भंगारातली समई किंवा नळाची तोटी वितळवून भाग करण्याच्या फंदात मात्र पडू नये. वितळलेल्या पितळातून जस्ताची वाफ निघते, ती अपायकारक असते. शिवाय अशा ओतीव तुकड्यात आत पोकळ्या असू शकतात. सळईचाच तुकडा घ्यावा.

पितळ कापण्याच्या काही खुणा आहेत. लोखंड कापायचे टूल वरून उतरते घासलेले असते. पितळेसाठी टूलचा वरचा माथा सपाट ठेवतात. उतरते टूल पितळेत घुसते आणि काम ओढून घेते. ड्रिलचेही तसेच. नवे धारदार ड्रिल पितळेतून आरपार निघताना एकदम ‘पकडते’ आणि हातातला तुकडा गरकन फिरवते. म्हणून ड्रिलच्या दोन्ही धारांवर तेलदगडाने अगदी बारीक सपाट पट्टी काढतात आणि तुकडा नेहमी शेगड्यात घट्ट धरतात.

वेगाचा हिशेब गणिताच्या तासाला करण्यासारखा आहे. हायस्पीड स्टीलच्या टूलने असे पितळ मिनिटाला ६० मीटर वेगाने सहज कापता येते, साधे पोलाद सुमारे २५ मीटरने. १२ मिलिमीटर व्यासाच्या सळईचा परीघ ३७.७ मिलिमीटर. म्हणून पितळेसाठी मिनिटाला सुमारे १६०० फेरे, पोलादासाठी सुमारे ६६०.

आधी सुरक्षितता

पालकांना नम्र विनंती आहे की हा भाग मुलांबरोबर बसून वाचावा.

लेथ आणि ड्रिल मशीनवर मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय काम करायचे नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पितळेचे तुकडे सुईसारखे उडतात. ओढणी, सैल बाह्या, मनगटातला दोरा, गळ्यातली साखळी हे सर्व काढून किंवा आवरून ठेवावे. वेणी वर बांधावी. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे घालू नयेत, ते बोटासकट ओढले जातात. चकची चावी चकमध्ये ठेवून यंत्र कधीही सुरू करू नये. तुकडे तोंडाने फुंकायचे नाहीत, ब्रशने झाडायचे. पितळेत शिसे असते, म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही आणि पितळेचा कीस स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

आणखी एक. हे इंजिन फक्त पंपाच्या हवेवर चालवायचे. वाफेसाठी घरी डबा किंवा बॉयलर बनवू नये. कोंडलेली वाफ फुटली तर ती जिवावर बेतते.

सिलिंडर

२० मिलिमीटर चौरस सळईचा ३० मिलिमीटर लांब तुकडा घेतला. चार जबड्यांच्या चकमध्ये तो मधोमध धरला, सेंटर ड्रिलने खूण केली, आधी ६ मिलिमीटरचे आणि मग ९.८ मिलिमीटरचे ड्रिल घातले. शेवटी १० मिलिमीटरचा रीमर हळू वेगाने एकदाच आत नेला. ड्रिलचे भोक नेमक्या मापाचे येत नाही, बहुधा थोडे मोठे आणि खरबरीत येते. रीमर ते मापात आणि गोल करतो. म्हणून त्याच्यासाठी थोडेच, पण नक्की, मटेरियल शिल्लक ठेवावे लागते.

खुंटीचे भोक सिलिंडरच्या भिंतीत पाडायचे असते. भिंत ५ मिलिमीटर जाड आहे, म्हणून ४ मिलिमीटर खोलीवर थांबायचे. ते आतल्या पोकळीत उघडले तर तिथून हवा गळेल. सिलिंडरची पाठ अगदी सपाट हवी. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, थोडे पाणी लावून, आठाच्या आकड्यासारखी घासायची. भोकांच्या कडेला राहिलेली बारीक धार, म्हणजे बर, काढून टाकायची.

दट्ट्या आणि पहिली चूक

सिलिंडर १०.०० मिलिमीटर, तर दट्ट्या ९.९८ करायचा ठरला. फट ०.०२ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दोन शतांश. माणसाचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्या फटीत तेलाचा थर राहतो, दट्ट्या सरकतो आणि हवा फारशी गळत नाही.

मुलीने दट्ट्या घरच्या पडवीतल्या जुन्या लेथवर केला होता. तिचे वडील उद्यमबागेत टर्नर आहेत. मायक्रोमीटरने माप घेतले तेव्हा बरोबर ९.९८ आले होते. वहीत तारखेसह तशी नोंदही आहे. तरीही प्रदर्शनानंतरच्या रविवारी तोच दट्ट्या पुन्हा मापला तेव्हा ९.९७ भरला. धातू झिजला म्हणावे तर इंजिन चालले कुठे होते?

वडिलांनी दट्ट्या हातात घेतला आणि विचारले, “टूल बोथट होतं ना? आणि गरम असतानाच माप घेतलंस काय गं? थंड होऊ दे की जरा.”

हेच झाले होते. पितळ तापले की फुगते. दर अंशाला ते आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१९ पट वाढते. १० मिलिमीटरचा दट्ट्या ५० अंशांनी तापला असेल तर वाढ होते १० × ०.००००१९ × ५० = ०.००९५, म्हणजे जवळजवळ एक शतांश. गरम दट्ट्या ९.९८ होता. थंड झाल्यावर तो ९.९७ झाला आणि फट ०.०२ ऐवजी ०.०३ झाली.

एका शतांशाने एवढे काय बिघडते, असे आम्हालाही वाटले. पण अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दीडपट झाली तर गळती १.५ × १.५ × १.५, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होते. पंपाने दिलेल्या हवेतली बरीचशी दट्ट्याच्या कडेने निघून जात होती.

धातू प्रसरण पावतात हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी मात्र ते टर्नरांना आठवले, आम्हाला नाही.

भोकांची जागा आणि दुसरी चूक

दट्ट्या नवीन केला. या वेळी तो थंड होईपर्यंत थांबून, तीन ठिकाणी मापून ९.९८ आणला. इंजिन थोडे अधिक जोर करू लागले, पण फिरेना. मग चौकटीची दोन भोके तपासली. ती मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरवर होती. ती तिथे का, असे विचारल्यावर मुलगी म्हणाली, “अंदाजाने.”

इथे अंदाज चालत नाही, पण भूमिती चालते. दांडी क्रँकच्या वर्तुळाला स्पर्शिका होते तेव्हा सिलिंडर सर्वांत जास्त कललेले असते. त्या वेळी खुंटी, शाफ्ट आणि पिन यांचा काटकोन त्रिकोण बनतो. कर्ण ४० मिलिमीटर, समोरची बाजू ८ मिलिमीटर. गुणोत्तर ८ : ४०, म्हणजे ०.२. सिलिंडरचे भोक खुंटीपासून १५ मिलिमीटरवर आहे. त्याचाही तसाच समरूप त्रिकोण होतो, म्हणून ते बाजूला सरकते १५ × ०.२ = ३ मिलिमीटर. चौकटीची भोके मधल्या रेषेपासून ३ मिलिमीटरवरच हवीत, आणि तीही खुंटीभोवती १५ मिलिमीटर त्रिज्येने काढलेल्या कंसावर.

आता २ मिलिमीटरवर काय होत होते ते पाहा. सर्व भोके २.५ मिलिमीटर व्यासाची. सिलिंडर मधोमध असताना त्याचे भोक चौकटीच्या दोन्ही भोकांना थोडे थोडे झाकत होते, कारण केंद्रांमधले अंतर २ आणि भोकाचा व्यास २.५. त्यामुळे हवा एका भोकातून आली तशी दुसऱ्यातून निघून जात होती. अंतर ३ केले की मध्यावर दोन्ही भोके बंद राहतात आणि अर्धा मिलिमीटर जागा उरते.

हा त्रिकोण मुलीने खडूने पडवीच्या फरशीवर काढून वडिलांना समजावला. वडिलांनी आयुष्यभर हजारो भोके पाडली आहेत, पण मापे नेहमी ड्रॉइंगवर लिहून आलेली असत. त्यांनी दोनदा विचारले, मग स्वतः खडू घेऊन वेगळी मापे टाकून पाहिली. त्यांचे उत्तर बरोबर आले.

चौकटीची पट्टी नवीन केली. तिसऱ्या रविवारी, दोन थेंब तेल घालून आणि चाकाला बोटाने धक्का देऊन, इंजिन फिरले. पंप थांबल्यावरही चाक चार-पाच फेरे घेत राहिले. टाळ्या वाजवायला आम्ही चौघेच होतो.

जुनीच अडचण

ही अडचण नवी नाही. जेम्स वॅट यांनी सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचे पेटंट १७६९ मध्ये घेतले. कल्पना अचूक होती, पण इंजिन कामाला लागायला १७७६ उजाडले. मोठे सिलिंडर नीट गोल कापता येत नव्हते, हे त्यामागचे एक मोठे कारण. दट्ट्याच्या कडेने वाफ निघून जाई. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सन यांनी दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्यावर टूल बसवून सिलिंडर कापण्याचे यंत्र केले आणि वाट मोकळी झाली. वॅट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७६ मध्ये समाधानाने लिहिले, की ५० इंची सिलिंडरमध्ये चूक एका जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही नाही. आज आपण पडवीत त्याहून कितीतरी बारीक फट मापतो.

आपल्या बेळगावाचेही यंत्रांशी जुने नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथेच सायकलचे दुकान काढले. १९०३ मधला त्यांचा लोखंडी नांगर इथलाच. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लेथचा आवाज या गावातून गेला नाही. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी कोणी ना कोणी टर्नर, फिटर किंवा मोल्डर आहे. आणि “आम्ही केलं ते तू करू नकोस, शिक आणि खुर्चीवर बस” असे त्यातल्या कितीतरी घरांत सांगितले जाते. त्यामागचे कष्ट आम्ही जाणतो. तरी एवढे म्हणावेसे वाटते, की ज्या हाताला एक शतांश कळतो त्या हाताचे ज्ञान मुलांना देऊन मग खुर्चीवर बसवावे.

विश्वस्तांना आणि पालकांना

आमची मागणी फार मोठी नाही. प्रयोगशाळेसाठी एक मायक्रोमीटर, एक जाड सपाट काच, आणि महिन्यातून एका शनिवारी एखाद्या कारागीर पालकांचा एक तास. दुसरे म्हणजे, पुढील प्रदर्शनात ‘न चाललेले प्रयोग’ असे एक टेबल असावे. तिथे मुलांनी प्रयोगाबरोबर आपली माप-वही मांडावी आणि काय चुकले ते सांगावे. परीक्षकांनी त्यालाही गुण द्यावेत. लपवलेली मोटर सुचवण्याची वेळ कोणत्याही शिक्षकावर पुन्हा येऊ नये, आमच्यावर तर नाहीच.

ते इंजिन आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. शेजारी ९.९७ चा जुना दट्ट्या आणि २ मिलिमीटरच्या भोकांची जुनी पट्टी ठेवली आहे. मागून घ्या, मापून पाहा, मात्र खोलीत थोडा वेळ ठेवून मगच मापा.

करून पाहा

१. या इंजिनाच्या एका धावेत दट्ट्या किती घन सेंटिमीटर जागा मोकळी करतो?

२. क्रँकची त्रिज्या ६, खुंटी ते शाफ्ट ३६ आणि खुंटी ते भोक १८ मिलिमीटर असेल, तर चौकटीची भोके मधल्या रेषेपासून किती अंतरावर हवीत? भोकांचा व्यास ३.५ मिलिमीटर चालेल का?

३. २० मिलिमीटर व्यासाचा पितळी दट्ट्या ४० अंशांनी तापला तर व्यास किती वाढेल?

४. ५० मिलिमीटर व्यासाचे पितळी चाक मिनिटाला ६० मीटर वेगाने कापायचे आहे. मिनिटाला किती फेरे ठेवाल?

उत्तरे: (१) सुमारे १.२६ घन सेंटिमीटर. (२) ३ मिलिमीटर. नाही, मध्यावर भोके एकमेकांत उघडतील. (३) सुमारे ०.०१५ मिलिमीटर. (४) सुमारे ३८०.